पाचोळ्याच्या धुराचा आकडा

मध्य प्रदेशच्या वनखात्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतात. सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की कन्हानच्या काठी रामाकोना लागतं आणि पुढे रस्ता सातपुड्यातल्या सिलेवानीच्या घाटात चढू लागतो. खाली संत्र्याच्या बागा, पऱ्हाटी, तूर. वर सागाचं मिश्र पानझडी रान. थंडी सरता सरता सागाची ताटाएवढी पानं खाली येतात आणि मार्चपर्यंत रानात पाऊल टाकलं की कुरकुर वाजावं असा थर साचतो. त्याच सुमारास मोह फुलतो. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. ही आग बहुतेकदा झाडाखालीच विझते. कधी वारा तिला पुढे नेतो आणि मग रात्री डोंगरावर तांबडी नागमोडी रेघ दिसते. तेंदूला पालवी चांगली फुटावी म्हणूनही काही जण रान पेटवतात. शेतात धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग जळत असतात आणि चुली तर बारमाही. हा सगळा धूर रात्री थंड हवेबरोबर त्याच एका खोऱ्यात उतरतो.

या धुराचा आकडा जगात उपलब्ध आहे. ‘ग्लोबल फायर एमिशन्स डेटाबेस’ नावाचा एक संग्रह पृथ्वीचे पाव-पाव अंशाचे चौकोन पाडतो आणि १९९७ पासून दर महिन्याला प्रत्येक चौकोनात आगीतून किती कार्बन, किती कार्बन मोनॉक्साइड, किती बारीक कण हवेत गेले ते सांगतो. रामाकोनाही अशा एका चौकोनात येतं. त्याची बाजू साधारण २७ किलोमीटर. हवामानाची जागतिक प्रारूपं चालवणारे हे आकडे वापरतात आणि धोरणांचे अहवालही त्यांच्यावर उभे राहतात. पण हा आकडा गावात नाकाच्या उंचीवर यंत्र ठेवून काढलेला नाही. तो गुणाकार आहे. किती क्षेत्र जळलं, त्या क्षेत्रावर सुकी वनस्पती किती होती, तिच्यातली किती खरोखर जळाली आणि एक किलो जळाल्यावर काय काय निघालं, या चार संख्यांचा. चौघींचे जन्म वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेतून झाले. त्यांचा माग काढला की रामाकोन्याचा धूर कुणाच्या मापानं मोजला जातो आहे ते कळतं.

पहिल्या संख्येचं, म्हणजे जळालेल्या क्षेत्राचं, एक जुनं मूळ सातपुड्यातच आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि जंगलखातं कर्नल जी. एफ. पिअर्सन यांच्याकडे आलं. तोवर मध्य भारतातलं जंगल दर उन्हाळ्यात जळणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. गवत, पाचोळा, शिकार, गुरं, ‘दह्या’ची म्हणजे रान जाळून केलेली शेती अशी कारणं अनेक आणि आग एकच. पिअर्सननी पचमढीच्या पायथ्याच्या बोरीच्या जंगलात ती थांबवून दाखवायचं ठरवलं. कडेचं गवत कापून आणि वेळेआधी जाळून मोकळे पट्टे काढले, आसपासच्या आदिवासी गावांतली माणसं राखणीला लावली. १८६५ मध्ये बोरी राखीव झालं. पुढे कित्येक वर्षं भारतातलं जंगल आगीपासून वाचवता येतं याचा पुरावा म्हणून इंग्रज वनाधिकारी बोरीचंच नाव घेत. आज आपले वनरक्षक फेब्रुवारीआधी ज्या जाळरेषा काढतात, त्यांचं कूळ तिथं जातं.

आग थांबवायची तर हिशेब ठेवावा लागतो. मध्य प्रांताच्या जंगलखात्याच्या वार्षिक अहवालांत म्हणून आगीचे रकाने आले: किती एकर राखायचा प्रयत्न केला, किती एकर राखला, किती जळाला. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरलं आणि जळालेला एकर गुन्ह्याच्या हिशेबातही शिरला. या रकान्यांचा मला आदर वाटतो, कारण चिकाटीनं दरवर्षी लिहिलेलं असं दुसरं काही आपल्याकडे नाही. तरी ज्या नाकेदाराच्या बीटात जास्त जळेल त्याच्यावर ठपका येणार, अशा व्यवस्थेत आकडा कोणत्या दिशेला झुकेल हे सांगायला नको. आणि मोजायचं होतं ते लाकूड. कॅप्टन जेम्स फॉरसाइथ यांनी ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या १८७१ च्या पुस्तकात दह्याच्या शेतीचं बारकाईनं वर्णन केलं आहे: रान तोडायचं, सुकू द्यायचं, पेटवायचं, राखेत बी फेकायचं. त्यांना टोचत होतं ते बुडालेलं इमारती लाकूड. धूर कुणाच्याच हिशेबात नव्हता.

त्या काळी धूर मोजला जात होता, पण शहरात. कलकत्त्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा १८६३ मध्येच झाला, मुंबईत १९१२ मध्ये. पॅरिसचे माक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी १८८८ मध्ये करड्या रंगाच्या चढत्या छटांचा तक्ता काढला. गिरणीच्या चिमणीचा धूर त्या तक्त्याशी ताडून पाहायचा आणि शून्य ते पाच असा क्रमांक द्यायचा. हे कायदे होते भट्टीला आणि चिमणीला. उघड्यावरच्या आगीला चिमणी नाही, त्यामुळे मालक नाही आणि क्रमांकही नाही. शहराचा धूर रंगानं आणि रानाची आग एकरानं मोजायची ही वाटणी तेव्हा झाली, ती पुढं शंभर वर्षं टिकली.

जाता जाता एक नोंद. खुद्द वनाधिकाऱ्यांमध्येही आगबंदीवर एकमत नव्हतं. एच. स्लेड यांनी १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये ब्रह्मदेशात आगीपासूनचं संरक्षण अति झालं आहे असा लेख लिहिला; आग पूर्ण बंद केली की सागाचं नवं रोप वर येत नाही, हा त्यांचा मुद्दा. हा वाद अजून मिटलेला नाही. मोहाखाली काडी लावणाऱ्या माणसाला सरसकट अडाणी ठरवताना तो आठवावा.

दुसरी संख्या, दर हेक्टरी सुकी वनस्पती किती, हे वनस्पतिशास्त्रज्ञांचं देणं. इथं काम फार साधं आणि फार कष्टाचं आहे. रानात चौकट आखायची, तिच्यात पडलेलं सगळं गोळा करायचं, भट्टीत सुकवायचं, तोलायचं. दर महिन्याला, वर्षानुवर्षं. बनारस हिंदू विश्वविद्यालयात रामदेव मिश्र यांनी भारतीय परिस्थितिकीचा पाया घातला आणि त्यांच्या शिष्यपरंपरेनं विंध्य भागातल्या शुष्क पानझडी जंगलाचा पाला असा वर्षानुवर्षं तोलला. धुराशी त्यांचा संबंध नव्हता. जंगल किती वाढतं, किती झडतं, मातीला किती परत देतं, हा त्यांचा प्रश्न. पण सातपुड्याच्या पाचोळ्याचं वजन अंदाजायचं तर जवळचा आधार हाच.

या दोन संख्या एकमेकींना भेटल्या त्या सातपुड्यापासून फार लांब. पॉल क्रुट्झन हे डच रसायनशास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डर इथं वातावरण संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्रात होते. हवेतला कार्बन मोनॉक्साइड सगळा येतो कुठून, हा प्रश्न तेव्हा गाड्या आणि कारखान्यांवर थांबत होता. क्रुट्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोराडोतल्या जंगलाच्या आगीच्या धुरातून हवेचे नमुने घेतले. त्यांनी आग किती मोठी हे विचारलं नाही. विचारलं ते हे: धुरात कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे कार्बन मोनॉक्साइडचे किती, नायट्रिक ऑक्साइडचे किती, मिथाइल क्लोराइडचे किती? सगळी आग मोजायची गरजच नाही. धुरातलं प्रमाण कळलं आणि जगात दरवर्षी किती वनस्पती जळते याचा अंदाज आला, की बाकीचं गणितात निघतं. १९७९ मध्ये ‘नेचर’मध्ये हा निबंध आला. त्याचं म्हणणं होतं की गवताळ रानांत आणि जंगलांत लागणाऱ्या आगी वातावरणातल्या वायूंचा असा स्रोत आहेत जो कुणी जमेत धरलेला नाही.

पुढच्याच वर्षी वोल्फगांग झायलर आणि क्रुट्झन यांनी ‘क्लायमॅटिक चेंज’मध्ये तो गुणाकार मांडला. क्षेत्र, दर हेक्टरी वनस्पती, तिच्यातला जमिनीवरचा भाग आणि त्यातला जळणारा भाग. जगात दरवर्षी ५ ते ९ अब्ज टन सुकी वनस्पती जळते असा त्यांचा अंदाज निघाला. आगीच्या वाटेत येतं त्याच्या साधारण निम्मंच जळतं, ही तिसरी संख्याही त्यांनी दाखवली. उरलेल्यात कोळसा होतो, आणि तो कोळसा लवकर कुजत नसल्यानं कार्बन मातीत धरून ठेवतो. आज जैवकोळशाची जी चर्चा ऐकू येते, तिचं बीज या निबंधात आहे. त्याच सुमारास क्रुट्झन ब्राझीलला गेले आणि कोरड्या हंगामात तिथल्या गवताळ रानावरची आणि वर्षावनावरची हवा त्यांनी मोजली. जिथं कारखान्याचा मागमूस नाही तिथं कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन शहरी पातळीकडे झुकलेले सापडले. उष्ण कटिबंधातल्या जंगलावरची हवा निर्मळ असते ही समजूत तिथं मोडली. क्रुट्झनना १९९५ चं नोबेल मिळालं ते ओझोनवरच्या कामासाठी, पण माझ्या मते त्यांचं हे काम त्या तोडीचं आहे. ज्या धुराला मालक नव्हता त्याला त्यांनी पृथ्वीच्या हिशेबात जागा दिली.

इथून चौथ्या संख्येची, म्हणजे किलोमागे काय निघतं याची, मोजणी वाढत गेली. अमेरिकेच्या वनसेवेच्या मिसूला इथल्या अग्निप्रयोगशाळेत डॅरोल्ड वॉर्ड यांनी कार्बनचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुळवली: पाल्यात जेवढा कार्बन होता तेवढा धुरात सापडला पाहिजे, मग कोणत्या रूपात किती सापडला ते पाहायचं. याच रीतीतून आगीची दोन रूपं अंकात आली. ज्वाळेनं जळणारी आग जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड करून टाकते. धुमसणारी आग थंड असते, तिला हवा कमी पडते, आणि ती कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि सेंद्रिय कण कितीतरी पटींनी जास्त सोडते. म्हणजे तीच काठी, तेच वजन. आग कशी जळाली यावर विष किती हे ठरतं. १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात मुद्दाम आगी लावून, वरून विमानं फिरवून ही मोजमापं झाली. क्रुट्झन आणि माइनराट आंद्रेए यांचा उष्ण कटिबंधातल्या आगींवरचा मोठा निबंध १९९० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला होता, २००१ मध्ये आंद्रेए आणि मेर्ले यांनी जगभरची मोजमापं गोळा करून एक तक्ता छापला. उष्ण कटिबंधातल्या जंगलाचा एक किलो सुका माल जळाला की १५८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १०४ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, ९.१ ग्रॅम पीएम २.५, म्हणजे बारीक कण. गवताळ रानासाठी कार्बन मोनॉक्साइड ६५ आणि पीएम २.५ चे ५.४ ग्रॅम. पुढे सुधारित तक्ते आले, पण धूर मोजणाऱ्यांचं पाठांतर या तक्त्यावर झालं.

आता हा तक्ता सिलेवानीत लावून पाहू. समजा एका हेक्टरवर ४ टन सुका पाला आहे आणि त्यातला ८० टक्के जळाला. म्हणजे ३२०० किलो. ‘जंगल’ या ओळीतले आकडे घेतले तर पीएम २.५ निघतं सुमारे २९ किलो आणि कार्बन मोनॉक्साइड ३३३ किलो. ‘गवताळ रान’ या ओळीतले घेतले तर १७ किलो आणि २०८ किलो. हेक्टर तोच, पाला तोच, फक्त ओळ बदलली. आणि सागाच्या पाचोळ्याची आग यांपैकी कोणत्या ओळीत बसते? ‘जंगल’ ही ओळ मुख्यतः ॲमेझॉनसारख्या ठिकाणी आडव्या पाडलेल्या ओल्या, जाड ओंडक्यांच्या आगींवरून आली आहे. ते ओंडके दिवसचे दिवस धुमसतात. सिलेवानीत उभं झाड जळत नाही. जळतो तो तळाचा पाला, घोट्याएवढ्या ज्वाळेनं, सरकत सरकत, गवताच्या आगीसारखा. पण मध्येच वाळवी लागलेलं खोड, पडलेली फांदी पेट घेते आणि रात्रभर धुमसते. म्हणजे थोडी ही ओळ, थोडी ती. भारतात या दिशेनं काम झालं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रातल्या के. व्ही. एस. बदरीनाथ आणि व्ही. कृष्णप्रसाद यांनी शुष्क पानझडी जंगलातल्या आगींचे वायू जमिनीवरची मोजमापं आणि उपग्रह यांची सांगड घालून अभ्यासले. आयआयटी मुंबईच्या चंद्रा वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये देशभरच्या उघड्या आगींची नोंदवही उपग्रहाच्या मदतीनं मांडली. तरी जागतिक संग्रहात सातपुड्याचा हेक्टर दुसऱ्यांच्या ओळीतूनच मोजला जातो.

एकराचा रकाना मात्र १९८० नंतर आकाशात गेला. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांवर ढग आणि समुद्राचं तापमान पाहायला एव्हीएचआरआर नावाचं यंत्र होतं. त्याच्या चार मायक्रॉनजवळच्या पट्टीत, रात्रीच्या चित्रांत, काही ठिपके विलक्षण तापलेले दिसत. १९८१ मध्ये मॅटसन आणि डोझिअर यांनी दाखवलं की चित्रातल्या एका ठिपक्याचा अगदी छोटा तुकडा जरी पेटलेला असला तरी तो ओळखता येतो. त्याच यंत्रावरून १९८७ मध्ये ब्राझीलच्या अवकाशसंस्थेतले अल्बेर्तो सेत्सेर यांनी ॲमेझॉनमधल्या आगी मोजल्या आणि जग हादरलं. डिसेंबर १९९९ मध्ये टेरा आणि मे २००२ मध्ये ॲक्वा हे उपग्रह वर गेले. त्यांच्यावरचा मोडिस एक किलोमीटरच्या ठिपक्यानं आग पाहतो. २०११ मध्ये गेलेल्या सुओमी उपग्रहावरचा व्हिअर्स ३७५ मीटरच्या.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणानं २००४ पासून मोडिसवरून आगीच्या सूचना राज्यांना द्यायला सुरुवात केली, २०१७ पासून व्हिअर्सवरूनही. आज बीटात ठिपका दिसला की वनरक्षकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह संदेश येतो. पिअर्सनच्या पहारेकऱ्याला टेकडीवर चढून धुराची रेघ शोधावी लागे. हा फार मोठा पल्ला आहे, आणि अशा संदेशावरून रात्री-बेरात्री आग झोडपायला निघणाऱ्या वनरक्षकांना त्याचं श्रेय द्यायला हवं.

पण आकाशातून काय दिसत नाही? टेरा बरीच वर्षं सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जात असे, ॲक्वा आणि सुओमी दुपारी दीडच्या. रात्रीही त्याच वेळांना एकेक फेरी. मोहाखालची आग संध्याकाळी किंवा पहाटे लावतात. तास-दोन तासांत ती विझते. एका झाडाखालचा जळका गोल चार-पाच गुंठ्यांचाही नसतो. वर अजून पानं असतील तर ज्वाळेची उष्णता झाकली जाते. पऱ्हाटीचा ढीगही असाच निसटतो. या निसटणाऱ्या आगी किती, याचा एक डोळे उघडणारा हिशेब आफ्रिकेतून आला. २०१६ सालासाठी सहाराच्या दक्षिणेकडचा सगळा प्रदेश २० मीटर इतक्या बारकाईनं पाहणाऱ्या सेंटिनेल-२ च्या चित्रांतून पुन्हा मोजला, तेव्हा जळालेलं क्षेत्र मोडिसच्या आकड्यापेक्षा ८० टक्क्यांनी जास्त भरलं. सिलेवानीत हा फरक किती असेल ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, पण छोट्या आगींच्या मुलखात तो नगण्य असेल असं मानायला आधार नाही.

आणि समजा चारही संख्या बरोबर आल्या, तरी खोऱ्यातल्या हवेत हा धूर एकटा नाही. नागपूरच्या बाजूला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आहेत. छिंदवाड्याच्या पलीकडे पेंच-कन्हानच्या कोळसाखाणी. रस्त्यावर ट्रक. हवेतला काळा कण कुठल्या आगीतून आला हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. त्याची ओळख पटवण्याची रीत महाराष्ट्रात एका गडावर फार सुंदर रीतीनं वापरली गेली.

१९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये वीरभद्रन रामनाथन आणि क्रुट्झन यांच्या पुढाकारानं हिंदी महासागरावर ‘इंडोएक्स’ ही मोहीम झाली. हिवाळ्यात भारतीय उपखंडाकडून समुद्रावर पसरणारा धुरकट थर तिच्यात मोजला गेला. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं ‘आशियाई तपकिरी ढग’ असं नाव देऊन अहवाल काढला आणि भारतातून त्याला जोरदार आक्षेप आला. भांडण मुळात एका प्रश्नाचं होतं: हा धूर गरिबाच्या चुलीचा आणि शेताचा, की डिझेल-कोळशाचा? उत्सर्जनाच्या नोंदवह्या मांडणारे गट एकमेकांच्या उलट उत्तरं देत होते.

स्वीडनचे ऑर्यान गुस्ताफसन आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले पी. एस. पी. राव यांच्यासह एका गटानं नोंदवह्या बाजूला ठेवल्या. सिंहगडावर आणि मालदीवच्या हनिमाधू बेटावर त्यांनी हवा गाळून कण गोळा केले आणि त्यांतला कार्बन-१४ मोजला. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं. जिवंत झाड तो हवेतून घेत राहतं, म्हणून पाला, लाकूड, शेण, पऱ्हाटी यांच्या काजळीत तो असतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असतात. त्यांच्यात तो उरलेलाच नसतो. म्हणजे गाळणीवरच्या काजळीत कार्बन-१४ जितका, तितका तिच्यातला वनस्पतीचा वाटा. या तत्त्वावर वाद घालायला जागा नाही. जानेवारी २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये निकाल आला: काजळी वेगळी काढण्याच्या एका पद्धतीनं वनस्पतीचा वाटा ६८ टक्के, दुसरीनं ४६ टक्के. दोन पद्धतींत एवढी तफावत का, हा रसायनाचा वेगळा विषय आहे. पण वनस्पतीच्या जळण्याला गौण म्हणता येणार नाही, एवढं दोन्हींतून पक्कं झालं.

या मोजमापाची एक मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर गावातल्या माणसांची बदनामी अवलंबून आहे. कार्बन-१४ कोळशाला लाकडापासून वेगळं करतो. चुलीला वणव्यापासून वेगळं करू शकत नाही. दोन्हींत ताजाच कार्बन. सेल्युलोज तापून फुटला की लिव्होग्लुकोसान नावाची साखर धुरात येते आणि वनस्पतीच्या आगीची खूण म्हणून ती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरतात. पोटॅशिअमही तसंच वापरतात. दोन्ही खुणा सांगतात की इथं वनस्पती जळली. कुणी जाळली, घर सारवून स्वयंपाक करणाऱ्या बाईनं की मोहफुलं वेचणाऱ्या गोंड कुटुंबानं की पऱ्हाटी उपटून पेरणीआधी रान मोकळं करणाऱ्या शेतकऱ्यानं, ते या खुणा बोलत नाहीत. वेंकटरामन यांच्याच गटानं २००५ मध्ये दाखवलं होतं की भारतात काजळीचा सगळ्यांत मोठा स्रोत बहुधा घरातली चूल आहे. तरी उन्हाळ्यात डोंगर धुरकट दिसला की बोट जातं ते मोह वेचणाऱ्याकडे, कारण त्याची ज्वाळा दुरून दिसते.

आता यंत्रं कुठं आहेत ते पाहा. नागपूरला नीरी आहे. १९५८ मध्ये सुरू झालेली ही संस्था १९७८ मध्ये नागपूरसह दहा शहरांची हवा मोजू लागली. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूर आहे. तो कार्यक्रम नावाप्रमाणे राष्ट्रीय असला तरी निवडक शहरांचा. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखालच्या ‘कोअलेस’ या काजळीच्या अभ्यासात भोपाळ आणि महाबळेश्वर इथं केंद्रं आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं सीहोर जिल्ह्यातल्या सिलखेडा इथं मध्य भारताच्या वातावरणाचं मोठं प्रयोगक्षेत्र उभारलं आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण शहर, घाटमाथा, माळव्याचं पठार यांच्या मधला हा पट्टा, जिथं पानझडी रान थेट गावाच्या कुंपणाला टेकतं आणि धूर खोऱ्यात साचतो, तिथं अशा अभ्यासाची सर्वांत जास्त गरज आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ती रामाकोन्याच्या माणसालाही लागू आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं; जिल्ह्याच्या पहिल्या आराखड्यांत हवेचं एक पान असायला हवं.

काम अवघड नाही. सिलेवानीतला सागाचा, मोहाचा, साजाचा पाला गोळा करून नागपुरातल्या एखाद्या प्रयोगशाळेत धुराड्याखाली जाळायचा, कोरडा आणि दवानं ओला असा वेगवेगळा, आणि किलोमागे काय निघतं ते काढायचं. म्हणजे ॲमेझॉनची ओळ उसनी घ्यावी लागणार नाही. मोहाखालचे जळके गोल गावकऱ्यांसोबत फिरून मोजायचे. मोहाखाली जाळी बांधून फुलं झेलण्याचा प्रयोग मध्य प्रदेशात झाला आहे. ज्या टोल्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, जाळी आहे आणि ज्यांवर नाही, त्यांचा धूर शेजारी शेजारी मोजता येईल. आणि गावात शाळेच्या किंवा आरोग्यकेंद्राच्या गच्चीवर एक गाळणीयंत्र. चूल बारा महिने पेटते, मोहाखालची काडी मार्च-एप्रिलची, तेंदूची आग त्याच्या आगेमागे, पऱ्हाटीचा ढीग पेरणीआधी, आणि औष्णिक केंद्राला हंगाम नाही. जे रसायन वेगळं करू शकत नाही ते इथं बऱ्याच अंशी दिनदर्शिका वेगळं करेल. फक्त गाळणी मोहाच्या आधी, जानेवारीच्या सुरुवातीलाच बसवावी लागेल आणि पावसाळा लागेपर्यंत रोज बदलावी लागेल. मार्चमध्ये बसवली तर जी वाढ दिसेल ती कशावरची, हे कुणालाच सांगता येणार नाही.